टॉप ऑफ द खडक

पहिली पोळी तव्याला चिकटते, हे आमच्या घरात शास्त्र मानलं जातं. त्यामुळे पहिली पोळी नेहमी मला वाढतात. कवीचा पहिला संग्रह, नाटककाराचं पहिलं नाटक, गायकाची पहिली रेकॉर्ड यांच्या बाबतीत समीक्षक मंडळीही साधारण हेच शास्त्र पाळतात. फरक इतकाच की ते ती पोळी स्वतः खात नाहीत. नुसती उलटीपालटी करतात, 'काठ जाड राहिले आहेत' म्हणतात आणि 'होतकरू' असा शिक्का मारून ताट पुढे सरकवतात.

मी खाणाऱ्यांपैकी आहे. म्हणून मुंबईच्या एका रॉक बँडच्या पहिल्या अल्बमबद्दल लिहायला बसलो आहे. बँडचं नाव 'रॉक मशीन', अल्बमचं नाव 'रॉक अँड रोल रेनेगेड', साल १९८८. आता हे नाव वाचून ज्यांनी पान उलटलं असेल त्यांना माझा नमस्कार. उरलेल्या दोघा-तिघांसाठी पुढचं लिहितो.

"तुमचा आणि रॉकचा संबंध काय?" असं आमच्या हिनं विचारलं. प्रश्न सरळ आहे आणि उत्तरही सरळ आहे. मी मढला राहतो. आमच्या गावाचा किल्ला खडकावर, आमची होडी लागते ती खडकाच्या आडोशाला, आणि ओहोटी लागली की आमच्या कोळणी हातात कोयती घेऊन खडकावरच बसतात आणि कालवं फोडतात. तासन् तास. उन्हात. रॉकशी इतका निकटचा संबंध लिव्हरपूलमध्येही कुणाचा नसेल.

शिवाय आवाजाचा सराव. मढ म्हटलं की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे बंगले, नारळाची झाडं आणि निवांतपणा येतो. हा निवांतपणा शनिवारी-रविवारी मोटारीतून येणाऱ्यांसाठी असतो. आम्ही मालाड स्टेशनाबाहेर २७१ नंबरच्या बसची वाट बघणारे लोक. मार्वे, आक्सा, एरंगळ करत ती बस शेवटी जेट्टीवर येते, आणि तिच्या पत्र्याचा ताल ज्यानं पाऊण-एक तास पोटात साठवलाय, त्याला कुठल्याही ड्रमरचं भय वाटत नाही. गावात शिरावं तर किल्ल्याकडे शूटिंग. आमच्या किल्ल्यात आजवर जितके खलनायक मेले तितके मराठे, पोर्तुगीज आणि इंग्रज मिळूनही मेले नसतील. आणि मग लग्नसराई. कोळीवाड्यातली हळद म्हणजे बेंजो पार्टी, आणि बेंजो पार्टी म्हणजे पहाटेपर्यंत जागरण. तुम्ही आमंत्रित असा वा नसा.

या बेंजोवर जरा थांबतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा, आणि आत बसवलेला पिकअप, म्हणजे तारेचा आवाज विजेवर चढवून भोंग्यात पोचवणारा. एका हातानं बटणं दाबायची, दुसऱ्या हातानं तारा छेडायच्या. भोंग्यातून येणारा आवाज असा तिखट असतो की आजूबाजूला वाळत घातलेले बोंबील दोन तास आधी वाळावेत. हा आवाज आला की मढची दोन वर्षांची पोरं पायावर उभी राहतात आणि ऐंशी वर्षांच्या आज्या पदर खोचतात. आमच्याइतकं 'आमचं' दुसरं वाद्य नाही, असं गावात कुणीही सांगेल.

हे वाद्य मूळचं जपानचं. १९१२ साली नागोयात 'ताइशोगोतो' नावाचं एक बटणांचं तंतुवाद्य तयार झालं. त्याच वर्षी तिथं ताइशो नावाच्या बादशहाची कारकीर्द सुरू झाली, म्हणून ते नाव. ते वाद्य फिरत फिरत हिंदुस्थानात आलं, 'बुलबुल तरंग' झालं, त्याला वीज लागली आणि 'बेंजो' झालं. हे मी एकदा हळदीच्या मांडवात बेंजोवाल्याला सांगून पाहिलं. त्यानं माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं आणि आवाज वाढवला.

तर मंडळी, अशा गावात १९८८ साली माझा भाचा कॉलेजसाठी राहायला आला. सोबत एक गिटार, दोन शर्ट आणि कॅसेटींनी भरलेला बुटाचा खोका. त्या खोक्यात ही कॅसेट होती.

ते वर्ष कसलं होतं ते आठवा. 'कयामत से कयामत तक' त्याच वर्षीचा, 'तेज़ाब' त्याच वर्षीचा, आणि आपला 'अशी ही बनवाबनवी'ही त्याच वर्षीचा. ऑक्टोबरात दूरदर्शनवर 'महाभारत' सुरू झालं आणि रविवारी सकाळी २७१ रिकामी धावू लागली. अशा गर्दीत सी.बी.एस. कंपनीनं मुंबईच्या पोरांच्या एका बँडचा इंग्रजी रॉकचा अल्बम काढला. सगळी गाणी त्यांची स्वतःची. ही गोष्ट आज सांगताना साधी वाटते. त्या काळी ती किती विचित्र होती हे कळायला बँड म्हणजे काय समजत असत ते आधी सांगायला हवं.

बँड म्हणजे नक्कल. वाईट अर्थानं नाही. मेहनतीची, प्रामाणिक, कानाला तेल घालून केलेली नक्कल. परदेशी रेकॉर्ड मिळवायची, सुई पुन्हा पुन्हा मागे नेऊन झिजवायची आणि गिटारचा एकेक स्वर टिपून घ्यायचा. परदेशी गिटार जकातीमुळे सोन्याच्या भावात, त्यामुळे वाद्यंही जमेल तशी, कुणाकडून तरी कुणीतरी आणलेली. यातून जो जसाच्या तसा वाजवील तो मोठा. साठ-सत्तरच्या दशकापासून असे बँड मुंबईत, कलकत्त्यात, बंगलोरात होते. सिमला सिगारेटच्या नावानं बँडांची देशव्यापी स्पर्धा भरे आणि १९७० व १९७१ साली त्यातल्या गाण्यांच्या लाँगप्ले निघाल्या. त्यात काही पोरांनी स्वतःची गाणी केली होती, नाही असं नाही. पण कंपनीनं एका बँडवर विश्वास टाकून त्याच्या स्वतःच्या गाण्यांचा अख्खा अल्बम बाजारात आणणं ही चैन विरळा.

आणि कंपनीपेक्षा अवघड श्रोते. धोबी तलावाला झेवियर्स कॉलेजजवळ रंगभवन नावाचं उघड्यावरचं नाट्यगृह आहे. हा परिसर शांतता क्षेत्रात येतो म्हणून पुढे तिथले कार्यक्रम बंद पडले. पण ऐंशीच्या दशकात आणि नंतरही बरीच वर्षं मुंबईच्या रॉकचं ते पंढरपूर होतं. पावसाळ्यात, पंधरा ऑगस्टच्या सुमाराला, तिथं 'इंडिपेन्डन्स रॉक' नावाची जत्रा भरे. भाच्यानं मला एकदा तिथं नेलं. मढहून धोबी तलाव म्हणजे बस, लोकल आणि पायपीट, आणि परतताना शेवटची बस चुकणार हे ठरलेलं. चिखल, काळे शर्ट, आणि आपल्याच मानेशी वैर असल्यासारखी डोकी हलवणारी पोरं. मी धोतर नेसत नाही हे त्या दिवशी फार बरं वाटलं.

तिथं एक बँड उभा राहिला. कुठला ते महत्त्वाचं नाही. त्याच्या गायकानं मोठ्या उमेदीनं सांगितलं, की आता आम्ही आमचं स्वतःचं गाणं म्हणणार आहोत. आणि माझ्या पाठीमागून शंभर गळ्यांतून एकदम परदेशी गाण्यांच्या फर्माइशी सुटल्या. अमक्याचं म्हणा, तमक्याचं म्हणा! एकानं तर, "तुमचं घरी म्हणा!" असं शुद्ध मराठीत सुनावलं. मला नाट्यसंगीताच्या मैफली आठवल्या. तिथंही नवा गवई स्वतःची बंदिश काढू लागला, की तिसऱ्या रांगेतले काका 'नाथ हा माझा' मागतात. काळा शर्ट घातला म्हणून काका व्हायचं कुणाचं टळत नाही.

आता 'रेनेगेड' हा शब्द पाहा. शब्दकोशात त्याचा अर्थ आहे फितूर, आपला पक्ष सोडून गेलेला. मी प्रथम कॅसेटवर तो वाचला तेव्हा मला हसू आलं. तिकडच्या पोरांनी फितूर व्हावं, ठीक आहे. त्यांच्याकडे बंडखोर माणूस मोटारसायकलवर बसतो आणि वाळवंटातून निघून जातो. आपल्याकडचा बंडखोर जाणार कुठं? फार तर दहिसरपर्यंत. आणि आठ वाजता घरी फोन करणार, की जेवायला थांबू नका. पण रंगभवनचं ते दृश्य पाहिल्यावर शब्द पटला. शंभर माणसं दुसऱ्याची गाणी मागत असताना जो स्वतःचं म्हणतो तो फितूरच, नाही का? आपल्याच गोटातला फितूर. या अल्बमनं ते धाडस केलं, आणि हे माझं त्याच्या बाजूचं पहिलं मत. ते मत मी शेवटपर्यंत सोडणार नाही. पुढे काहीही वाईट बोललो तरी.

कॅसेट लागली. पहिल्या फटक्यालाच शेजारच्या आजी दारात आल्या. "मास्तर, गॅस लीक झाला का?" मी म्हटलं, "नाही आजी, गाणं आहे." त्या उंबऱ्यावर बसल्या. अर्धं गाणं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "बेंजो बरा वाजवतो. पोराला बोलावा आमच्या नातीच्या हळदीला." रॉक मशीनच्या गिटारवादनाची याहून नेमकी समीक्षा मी इंग्रजी पत्रांतही वाचलेली नाही.

आजी ज्याला बोलवायला निघाल्या होत्या त्या गिटारवाल्याचं नाव महेश तिनईकर. त्या वर्षी तिनईकर हे आडनाव मुंबईत घरोघरी ठाऊक होतं, कारण महापालिकेचे आयुक्त सदाशिव तिनईकर होते आणि त्यांच्या करारीपणाच्या बातम्या रोज पेपरात. बाकीची नावं उदय बेनेगल, जयेश गांधी, मार्क सेल्विन, झुबिन बालापोरिया, मार्क मेनेझिस. मुंबईतल्या कुठल्याही सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या जिन्याखालची पाटी वाचतो आहोत असं वाटावं. हीच मंडळी एरवी पाण्याच्या वेळेवरून भांडली असती. इथं ती एका सुरात वाजवत होती.

आणि वाजवत होती उत्तम. बँड स्थापन झाला १९८४ साली, म्हणजे अल्बमपर्यंत चार वर्षं रंगमंचावर घासूनपुसून झालेली होती. ते कॅसेटमध्ये कळतं. गिटारी भरघोस, मागे कीबोर्डचा गालिचा, आणि ध्रुवपद आलं की सगळे मिळून म्हणतात ते ऐकताना आपणही टाळी द्यावी असं वाटतं. बेनेगलांचा आवाज उंच पट्टीत जाऊन तिथं आरामात बसतो, जिन्यानं चढून धापा टाकत पोचल्यासारखा वाटत नाही. 'टॉप ऑफ द रॉक' हे गाणं त्यातलं सगळ्यांत गाजलेलं. भाच्यानं ते दिवसातून सहा वेळा लावल्यामुळे आमच्या आळीतही गाजलं. आजींनी त्याचा अर्थ विचारला तेव्हा मी 'खडकाच्या माथ्यावर' असं भाषांतर करून दिलं. "तिकडं कालवं नाय मिलत," त्या म्हणाल्या. "कालवं खाली पाण्याशी."

माझी तक्रार हीच आहे. आजींना रॉकमधलं कळत नाही असं कुणाला वाटत असेल त्यानं पुन्हा एकदा त्यांचं वाक्य वाचावं.

या अल्बमला माथ्यावर पोचायची घाई फार. गाणी त्यांची, चाली त्यांच्या, वाजवणं त्यांचं. पण मला त्यात मुंबई भेटली नाही. शीर्षकापासूनच सामान सगळं बाहेरगावचं. ते बंड, ती बेफिकिरी, तो आपल्याच नावाचा जयघोष करणारा रॉकर, हा सगळा संसार तिकडच्या रेकॉर्डांतून उचलून आणलेला. उच्चारही असा, की तो बांद्र्याचा तर नाहीच, पण मला वाटतं अमेरिकेतल्याही कुठल्या एका गावाचा नाही. तो रेकॉर्डचाच गाव. नक्कल करता करता गाणी सुटली, पण गाण्यातला माणूस अजून नकलेतलाच राहिला. घर स्वतःचं बांधलं आणि दारावर पाटी मात्र पूर्वीच्या घरमालकाची, असं काहीसं.

इंग्रजीत म्हणाले म्हणून माझी ही तक्रार आहे असं कुणी समजू नये. भाषेवरून हाणामारी करायची हौस मला नाही, आणि ज्या घरात जी भाषा बोलतात त्या घरातल्या पोरांनी तिच्यात गावं. अन् शब्द कळले नाहीत हीही तक्रार नाही. अमेरिकेत 'आर.ई.एम.' नावाचा एक बँड आहे, म्हणजे होता; २०११ साली त्यांनी काम थांबवलं. पुढे ज्याला 'ऑल्टरनेटिव्ह रॉक' म्हणू लागले त्या पंथाचा तो एक मूळपुरुष. त्यांचा पहिला अल्बम १९८३ सालचा, नाव 'मर्मर', म्हणजे पुटपुट. आणि गायक नावाला जागून खरंच पुटपुटतो. खुद्द अमेरिकनांना शब्द लागत नव्हते. तरी 'रोलिंग स्टोन' मासिकानं तो त्या वर्षीचा सर्वोत्तम अल्बम ठरवला. हे समजलं त्या दिवशी माझा चाळीस वर्षांचा न्यूनगंड गळून पडला. पण गंमत अशी, की त्या पुटपुटीतही तो माणूस आपल्या गावचा वाटतो. शब्द कळत नाहीत, पत्ता कळतो. रेनेगेडमध्ये शब्द स्वच्छ कळतात आणि पत्ता लागत नाही.

म्हणून मी बेंजोवर थांबलो होतो. वाद्य जपानचं, पण त्यावर हळदीचं गाणं चढलं, डोलीचं चढलं, होडीचं चढलं, आणि ते मढचं झालं. वाद्य कुठून आलं याला काही किंमत नाही. त्यावर आपण आपल्या घरचं काय ठेवलं यावर सगळं. तिनईकरांची गिटार बेंजोइतकीच आमची होऊ शकत होती. तशी ती व्हायला अल्बमभर एक तरी लोकल चुकायला हवी होती.

कुणी म्हणेल, पहिल्याच अल्बमकडून इतकी अपेक्षा? बीटल्सच्या पहिल्या अल्बमचं उदाहरण मला भाच्यानं तेव्हाच फेकून मारलं होतं. 'प्लीज प्लीज मी', १९६३. चौदा गाण्यांपैकी सहा दुसऱ्यांची, आणि त्यातली दहा गाणी ११ फेब्रुवारी या एका दिवसात ध्वनिमुद्रित केलेली. "म्हणजे मामा, बीटल्सपेक्षा रॉक मशीननं जास्त केलं." हिशोबानं बरोबर आहे. गणितात तो चांगला होता.

मी त्याला देवलांचं उदाहरण दिलं. गोविंद बल्लाळ देवलांचं पहिलं नाटक 'दुर्गा', १८८६ सालचं, मूळ इंग्रजी नाटकावरून घेतलेलं. 'झुंझारराव' शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून. 'मृच्छकटिक' संस्कृतावरून. एकामागून एक दुसऱ्यांच्या घरची पात्रं त्यांनी मराठी रंगभूमीवर आणून नांदवली, आणि मग १८९९ साली 'शारदा' आलं. ते एकच त्यांचं स्वतंत्र नाटक. म्हाताऱ्याला पोर विकणारा बाप त्यांना इंग्रजी पुस्तकात सापडला नव्हता; तो शेजारी राहत होता. दुर्गेपासून शारदेपर्यंत तेरा वर्षं लागली. पण त्या तेरा वर्षांत देवल वाया गेले असं कुणी म्हणत नाही. आधीच्या नाटकांत त्यांचा हात बसला म्हणून शारदेच्या वेळी तो थरथरला नाही.

रॉक मशीनचंही तसंच झालं असं लिहून मोकळं व्हावं, असा मोह होतो. तेवढं सरळ ते झालं नाही. १९९० साली त्यांचा दुसरा अल्बम आला, 'द सेकंड कमिंग'. १९९३ साली त्यांनी स्वतःचं नावच बदललं आणि 'इंडस क्रीड' झाले. यंत्र गेलं, सिंधू नदी आली. नाव बदलून माणूस बदलत नाही असं म्हणतात खरं. पण कुठल्या नदीकाठचे आहोत हे नावात लिहावंसं वाटणं, ही माझ्या मते त्यांनी स्वतःच केलेली रेनेगेडची समीक्षा. माझ्याहून पाच वर्षं उशिरा, पण अधिक नेमकी. त्याच वर्षी 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या चित्रफितीला एम.टी.व्ही.चं आशियातल्या प्रेक्षकपसंतीचं पारितोषिक मिळालं. १९९५ साली नव्या नावाचा अल्बम आला, आणि १९९७ साली बँड मोडला. हिंदी पॉपची लाट तेव्हा अशी होती, की इंग्रजीत स्वतःचं गाणाऱ्यांना किनाऱ्यावर जागा उरली नाही. २०१० साली मंडळी पुन्हा जमली, २०१२ साली 'इव्हॉल्व्ह' काढला. तो ऐकताना मला जाणवलं, की आता हा माणूस आपल्या नावाचा जयघोष करत नाही. डोक्यावरचे केस विरळ झाले की कातडी जाकिटाचं ओझं वाटू लागतं. मग गाणं बरं होतं. माझ्या लेखी त्यांची 'शारदा' तीच. दुर्गेपासून चोवीस वर्षं लागली एवढंच.

मधल्या काळात 'पेंटाग्राम' नावाचा मुंबईचाच दुसरा बँड आला. त्यांच्या पहिल्या अल्बमचं नाव 'वुई आर नॉट लिसनिंग', १९९६. म्हणजे 'आम्ही ऐकत नाही आहोत'. या नावाचा अल्बम आमच्या घरातून कधीच निघायला हवा होता. त्यातला गायक विशाल ददलानी पुढे हिंदी सिनेमाचा संगीतकार झाला आणि मग सगळ्या देशानं ऐकलं. त्या अल्बमबद्दल पुन्हा कधीतरी.

आता भाच्याबद्दल, कारण अल्बमनं कुणाचं काय केलं हे पाहिल्याशिवाय त्याची समीक्षा पुरी होत नाही असं मी मानतो.

रेनेगेड ऐकून भाच्यानं गाणी लिहायला घेतली. 'आपणही लिहू शकतो' हे त्याला त्या कॅसेटनंच सांगितलं; त्याआधी गाणी ही तिकडून येणारी वस्तू आहे, जशी पेट्रोल किंवा गहू, अशी त्याची समजूत होती. आमच्या माडीवर तिघं जमत. एकजण गिटार, एकजण गोणपाट गुंडाळलेले डबे, आणि भाचा गायक. त्यानं पाच गाणी लिहिली. चार इंग्रजीत. त्यातलं एक एका लांबच लांब हायवेबद्दल होतं आणि त्यात मध्यरात्री वेगात मोटार चालवणारा एक एकाकी माणूस होता. भाच्याला तोवर सायकलही धड येत नव्हती आणि त्यानं पाहिलेला सर्वांत लांब रस्ता म्हणजे मार्वे रोड. पण गाणं ठसक्यात होतं. मित्रांना फार आवडलं.

पाचवं गाणं निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी. वर्सोव्याहून मढला येणाऱ्या शेवटच्या होडीबद्दल. वर्सोव्याच्या धक्क्यावर उशिरा पोचलेला मुलगा, सुटलेली होडी, आणि पलीकडे दिसणारे आपल्या गावातले दिवे. अंतर इतकं थोडं, की हाक मारली तर आईला ऐकू जावी, आणि जायला मात्र अंधेरी-मालाड करत सारा वळसा. चाल साधी होती. गिटार त्यात बेंजोसारखी वाजायची. मुद्दाम नाही, तीन वर्षं मढच्या हळदी ऐकून आपसूक. मी खाली पेपर वाचत होतो. तो बाजूला ठेवला.

मित्र हसले. "हे काय रे, कोळीगीत लिहिलंस?" एवढंच म्हणाले. भाचाही हसला. ते गाणं पुन्हा माडीवर झालं नाही. हायवेचं गाणं मात्र कॉलेजच्या दोन-तीन कार्यक्रमांत झालं आणि टाळ्या पडल्या.

इथं मी रेनेगेडला जाब विचारतो. स्वतःचं गाणं लिहायची परवानगी त्यानं माझ्या भाच्याला दिली, हे ऋण मोठं आहे. पण कशावर लिहायचं याची यादीही त्यानंच नकळत सोबत दिली, आणि त्या यादीत वर्सोव्याचा धक्का नव्हता. तिनईकर-बेनेगल मंडळींच्या अल्बममध्ये एक, फक्त एक, गाणं आपल्या पायाखालच्या जमिनीचं असतं तर माडीवरचे ते दोघं मित्र हसले नसते, असं मला वाटतं. हा आरोप जड आहे आणि अल्बमच्या अंगावर तो थोडा ढिला बसतो, हेही कळतं. वाट काढणाऱ्यानंच दिवेही लावावेत, हे म्हणणं सोपं आहे. वाट काढली नसती तर बोलायला मी तरी कुठं उभा राहिलो असतो? तरी आरोप मागे घेत नाही.

१९९२ साली भाचा नोकरीला लागला. गिटार माळ्यावर गेली. कॅसेट कपाटात राहिली; खाऱ्या हवेनं तिची फीत अशी झाली, की 'टॉप ऑफ द रॉक' आता लावलं तर खडक पाण्याखाली गेल्यासारखा वाटतो.

गेल्या वर्षी त्याची मुलगी आली होती. तिचा चौघांचा बँड आहे. त्यांना पहिला अल्बम करायचाय, आणि आता कंपनीबिंपनीची गरज नसते म्हणे, घरच्या घरी खोलीत होतो. तिला बाबांची जुनी गाणी हवी होती. भाच्यानं हायवेचं गाणं अथपासून इतिपर्यंत म्हणून दाखवलं. ती सभ्य मुलगी आहे, शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "आणि ते होडीचं? आजी सांगत होती एक होडीचं होतं."

भाच्याला पहिलं कडवं आठवलं. दुसऱ्याशी तो अडला, छताकडे बघत राहिला, दोनदा चाल गुणगुणून पाहिली. मला दुसरंही येतं आणि तिसरंही येतं. पण पोहे आले, आणि मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "मामाआजोबा, तुम्हाला गाण्यातलं काही कळतं का हो?"

मी कागद मागवला आणि लिहून दिलं.